हाजीर तो वजीर

आपल्या मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी एक म्हण आहे आणि ‘हाजीर तो वजीर’ अशी दुसरी. पहिली म्हण सभांच्या अध्यक्षांना फार प्रिय असते. दुसरी कोणी व्यासपीठावरून उच्चारीत नाही. परंतु आपल्या बहुतेक संस्थांचा कारभार चालतो तो तिच्याच आधारे. या दोन म्हणींमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आज मला आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. उदाहरणादाखल मी जी संस्था घेणार आहे, ती आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, ही ती संस्था होय.

विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. वर्षातून एकदा जमावे, जुन्या गुरुजनांचा सत्कार करावा, वर्गातल्या खोड्या आठवून हसावे, चहाफराळ करावा आणि घरी जावे. यात कारभाराचा आणि न्याय्य प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला कोठून? मलाही एके काळी असेच वाटत असे. माझे मत कसे बदलले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी अशा एका संघाचा चिटणीस होतो. संघाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण जो दोष सांगावयाचा आहे तो माझा आहे. संघाच्या वहीत चार हजारांवर सभासदांची नावे होती. त्या वर्षीच्या सभेस एकसष्ट माणसे आली, आणि कोरम पन्नासाचा असल्यामुळे सभा रीतसर भरली. विषयपत्रिकेतील शेवटचे कलम नेहमीप्रमाणे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असे होते. त्या कलमाखाली एक ठराव आला. वसतिगृहातील गरजू विद्यार्थ्यांच्या जेवणखर्चासाठी संघाने पूर्वी एक निधी जमविला होता. त्याचे व्याज यापुढे सभागृहाच्या दुरुस्तीकडे आणि नव्या खुर्च्यांकडे वळवावे, असा तो ठराव होता. सूचना मांडणारे सद्गृहस्थ होते, अनुमोदन देणारेही सद्गृहस्थ होते. सभागृहाची अवस्था खरोखरच वाईट होती. विरोध कोणी केला नाही. ठराव सर्वानुमते संमत झाला. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द मीच माझ्या हाताने लिहिला.

तीन आठवड्यांनी एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ दूरच्या एका तालुक्यातील शाळेत शिक्षक होते. स. न. वि. वि. लिहून त्यांनी मोजकाच मजकूर लिहिला होता. सभेची सूचना त्यांना सभेच्या दुसऱ्या दिवशी मिळाली होती. सूचनेत या ठरावाचा उल्लेख नव्हता. त्या निधीवर ते स्वतः दोन वर्षे जेवले होते, आणि नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी त्याच निधीत त्यांनी आपली वर्गणी घातली होती. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता: “आपण ‘सर्वानुमते’ असे लिहिले आहे. त्या सर्वांमध्ये मी आहे काय?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे पाहिले तर आमची काही चूक नव्हती. सभा कायदेशीर होती, कोरम पुरा होता. तरीसुद्धा जे एकसष्ट लोक आले होते, ते सारे शहरात राहणारे होते. त्यांतील बहुतेकांनी वसतिगृहाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. ज्यांनी तो ओलांडला होता ते नांदेडला, चंद्रपूरला, सावंतवाडीला, कोणी परदेशी होते. ठराव दुष्टबुद्धीने झाला नाही. जे समोर होते त्यांना जे दिसत होते, त्यावरून तो झाला. मोडक्या खुर्च्या सर्वांना दिसत होत्या. जेवणाचे पैसे भरू न शकणारा मुलगा कोणाला दिसत नव्हता.

त्या दिवसापासून मी अशा संस्थांचा इतिहास थोडाफार वाचू लागलो. त्यात मला आढळले ते असे की, निवडणुकीतला न्याय किंवा अन्याय मतदानाच्या दिवशी क्वचितच घडतो. तो त्याआधीच घडून गेलेला असतो. नावांची यादी कोणी केली, मत कोठे जाऊन द्यावयाचे, मोजणीची रीत कोणती, आणि हे नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, या चार गोष्टींत निकालाचे बीज असते. यांतील पहिल्या दोन गोष्टींचे उदाहरण केंब्रिजचे आहे.

केंब्रिज विद्यापीठात त्या काळी अंतिम सत्ता सिनेटच्या हाती असे, आणि सिनेट म्हणजे काही निवडक मंडळी नव्हत. एम. ए. ही पदवी घेऊन ज्यांनी आपले नाव विद्यापीठाच्या पटावर कायम ठेविले आहे, असे सारे जुने विद्यार्थी सिनेटचे सभासद असत. कोणी खेड्यात धर्मोपदेशक, कोणी लंडनमध्ये वकील. परंतु केंब्रिजला येऊन मत देण्याचा हक्क प्रत्येकास होता. 1869 साली स्त्रियांसाठी गर्टन कॉलेज निघाले. पुढे स्त्रियांना परीक्षांस बसण्याची मोकळीक मिळाली; पदवी मात्र मिळेना. 1890 साली फिलिपा फॉसेट ही विद्यार्थिनी गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरच्याही वर आली. ज्या मानासाठी आपल्या रघुनाथराव परांजप्यांचे नाव 1899 साली महाराष्ट्रात घरोघर झाले, त्या मानाच्याही वरचे हे स्थान. परंतु स्त्री म्हणून तिला ना तो किताब मिळाला, ना पदवी.

1897 च्या मे महिन्यात स्त्रियांना पदवी द्यावी की नाही हा प्रश्न मतास पडला. तोही पुऱ्या हक्काचा नव्हे. पदवीचे केवळ नाव द्यावे, कारभारात भाग देऊ नये, एवढीच मागणी होती. परगावच्या सभासदांना येता यावे म्हणून लंडनहून खास आगगाड्या सोडण्यात आल्या. सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीचे एक सोंग टांगले होते. मते मोजली तेव्हा विरुद्ध पडलेली मते सतराशेंच्या वर भरली आणि अनुकूल मते साडेसहाशेंच्या थोडी वर. परांजपे त्या वेळी केंब्रिजमध्येच विद्यार्थी होते. पुढे 1921 साली स्त्रियांना पदवीचे नाव मिळाले, आणि पूर्ण सभासदत्व मिळावयास 1948 साल उजाडावे लागले.

या प्रकरणात अन्याय कोठे होता? मतमोजणी खोटी नव्हती. बहुमत स्पष्ट होते. अन्याय यादीत होता. ज्यांचा प्रश्न होता त्या स्त्रिया पदवीधर नाहीत म्हणून यादीत नव्हत्या. आणि पदवीधर का नाहीत, तर यादीतल्यांनी ती पदवी देऊ केली नव्हती म्हणून! यादीत कोण यावे हे ठरविण्याचा अधिकार यादीत आधीच असलेल्यांकडे राहिला, की चक्र असे आपल्याभोवतीच फिरत राहते. दुसरी गोष्ट स्थळाची. मत देण्यास गावी आलेच पाहिजे असा नियम असला, म्हणजे मताचे वजन सवडीवर आणि प्रवासखर्चावर ठरते. तेथे बाहेरचे लोक पुष्कळ आले, येथे माझ्या सभेला कोणीच आले नाहीत. दोन्हीकडे निर्णय केला तो ज्यांना येणे परवडले त्यांनी. पुढे 1923 च्या कायद्याने आणि त्याखाली 1926 साली झालेल्या नव्या नियमांनी केंब्रिजचा दैनंदिन कारभार तेथे राहून शिकविणाऱ्या मंडळींकडे सोपविण्यात आला, आणि बाहेरच्या पदवीधरांची सत्ता आकुंचित झाली. हक्क बेजबाबदारपणे वापरला की तो टिकत नाही, हाही बोध त्यात आहे.

नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यू हॅम्पशायर संस्थानात हॅनोवर नावाच्या लहानशा गावी डार्टमथ कॉलेज आहे. त्याची स्थापना 1769 सालची. तेथील विश्वस्त मंडळ पूर्वी आपले सभासद आपणच निवडीत असे. 1891 साली माजी विद्यार्थ्यांशी एक करार झाला. विद्यार्थ्यांनी पैशाचे पाठबळ द्यावे आणि मंडळावर पाच विश्वस्त आपल्या मतांनी पाठवावे, असा त्याचा आशय होता. पुढे जागा वाढल्या, पण तोल राहिला: आठ विश्वस्त माजी विद्यार्थ्यांचे, आठ मंडळाने निवडलेले.

2004 ते 2007 या काळात एक नवी गोष्ट घडली. अधिकृत उमेदवारांना बाजूस सारून, केवळ सभासदांच्या सह्या गोळा करून उभे राहिलेले चार उमेदवार लागोपाठ निवडून आले. चौघेही प्रस्थापित कारभाराचे टीकाकार होते. 2007 च्या सप्टेंबरात विश्वस्त मंडळाने आपण निवडावयाच्या जागांत आणखी आठ जागांची भर घातली. आठास आठ होते, ते सोळास आठ झाले. मंडळाचे म्हणणे असे की, कॉलेजच्या वाढत्या कामास निरनिराळ्या विद्यांतील जाणकार माणसे हवीत, आणि निवडणुकीस येऊ लागलेले प्रचारी रूप संस्थेस मारक आहे. या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु सुधारणा करावयाची वेळ कोणती? प्रतिपक्षाने चार डाव जिंकल्यावर पटाची घरे वाढविली, तर हेतू कितीही शुद्ध असो, हरणाऱ्याने खेळ बदलला असेच लोक म्हणणार. तसे ते म्हणाले.

येथे गोष्टीला दुसरी बाजू लागते, आणि ती मला अधिक उद्बोधक वाटते. माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारी मंडळाने 1891 च्या कराराचा भंग झाला म्हणून कॉलेजवर दावा लावला. दावा हजारो माजी विद्यार्थ्यांच्या नावाने होता. लावला होता तो मूठभर पदाधिकाऱ्यांनी. 2008 साली त्या संघाच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक झाली. आपल्याच कॉलेजशी कोर्टात भांडावे की नाही, हाच त्या निवडणुकीचा मुद्दा होऊन बसला. मतदान केवळ सभास्थानी नव्हते; सभासदांनी आपापल्या गावाहून मते पाठविली. दाव्याच्या विरुद्ध असलेली मंडळी निवडून आली आणि दावा मागे घेण्यात आला. म्हणजे विश्वस्तांनी माजी विद्यार्थ्यांना न विचारता जागा वाढविल्या, आणि पदाधिकाऱ्यांनी माजी विद्यार्थ्यांना न विचारता दावा लावला. कोणता पक्ष बरोबर होता याचा निवाडा मी करीत नाही. घरी बसलेल्या सभासदाला जेव्हा खरोखर विचारले, तेव्हा त्याचे उत्तर त्याच्या नावाने बोलणाऱ्यांच्या अपेक्षेहून निराळे निघाले, एवढेच ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1862 साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठाचे फेलो नेमण्याचा अधिकार प्रारंभी सरकारचा होता. पदवीधराला पदवी मिळे, मत मिळत नसे. 1904 च्या कायद्याने सिनेटच्या सभासदांची संख्या जास्तीत जास्त शंभर ठरविली आणि मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत त्यांपैकी वीस जागा निवडणुकीच्या ठेविल्या. नामदार गोखल्यांनी त्या कायद्यास मध्यवर्ती कायदेमंडळात विरोध केला होता. आज महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांना 2016 चा कायदा लागू आहे. त्याअन्वये अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी दहा सभासद निवडून द्यावयाचे असतात; त्यांपैकी पाच जागा राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया, यांना प्रत्येकी एक.

रानड्यांच्या तुकडीपासून येथवर पुष्कळ मजल मारली, यात संशय नाही. तरी ‘नोंदणीकृत’ हा शब्द आपण ऐकलात ना? पदवी हाती आली म्हणजे मत आपोआप हाती येत नाही; नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी ज्याच्या कोणाच्या खटपटीने होते, निवडणुकीचे पारडे त्याच्याकडे झुकते. आपल्या घरात पदवीधर किती आहेत आणि नोंदलेले किती आहेत, हे आज रात्री जेवताना एकदा विचारून पाहा. माझ्या घरी विचारले तेव्हा चार पदवीधरांत नोंदलेला एकही निघाला नाही. त्या चारांत मीही होतो.

राहिली मोजणीची रीत. ती रूक्ष वाटेल, पण क्षणभर आकडे ऐकावे. समजा, एका संघात हजार मतदार आहेत. सहाशे शहरातले, चारशे बाहेरगावचे. कार्यकारी मंडळाच्या जागा नऊ. प्रत्येक मतदाराने नऊ नावांवर खूण करावयाची, ही आपली नेहमीची रीत. सहाशेंनी आपले नऊ ठरविले की प्रत्येकास सहाशे मते. चारशेंच्या प्रत्येक उमेदवारास चारशे. निकाल काय? शहराचे नऊ, बाहेरगावचा शून्य. दहांत चार माणसे ज्यांची, त्यांचा मंडळावर एकही नाही. आणि हे सर्व अगदी प्रामाणिक मोजणीने!

आता दुसरी रीत पाहा. प्रत्येकास मत एकच. मात्र मतपत्रिकेवर त्याने एक, दोन, तीन असा पसंतीक्रम लिहावयाचा. नऊ जागांसाठी हजारांस दहांनी भागून त्यात एक मिळविला की एकशेएक हा निवडून येण्याचा कोटा झाला. कोट्याहून जास्त पडलेली मते पुढच्या पसंतीकडे जातात, आणि तळाच्या उमेदवाराची मतेही वाया न जाता तशीच पुढे सरकतात. सहाशेंत पाच कोटे भरून पंचाण्णव मते उरतात. चारशेंत तीन कोटे भरून सत्त्याण्णव. नववी जागा साहजिकच बाहेरगावाकडे जाते. निकाल पाच आणि चार. शहराचे बहुमत शाबूत राहिले आणि बाहेरगावच्यांना आवाज मिळाला. ही एकल संक्रमणीय मताची पद्धत काही नवलाईची नाही; आपल्या राज्यसभेचे सभासद विधानसभांकडून याच पद्धतीने निवडले जातात. लहान संघांना ती अवघड वाटते, ती केवळ सवय नाही म्हणून.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. सतरंज्या घालणारे, वर्गणी गोळा करणारे, हिशेब लिहिणारे लोक गावातले. बाहेरगावच्याने घरबसल्या मत द्यावे आणि काम दुसऱ्याने करावे, हा कोठला न्याय? याचे उत्तर असे की, काम करणाऱ्याला कामाचा अधिकार अवश्य असावा. स्नेहसंमेलन कधी भरवावे, फराळाला काय करावे, पाहुणा कोण आणावा, हे त्यांनीच ठरवावे. त्यासाठी चार हजार लोकांना पत्रे धाडणे वेडेपणाचे होईल. परंतु ज्यासाठी पैसे दिले तो निधीचा हेतू बदलणे, संघाची घटना बदलणे, संघाच्या नावाने कोर्टात जाणे किंवा विद्यापीठावर आपला प्रतिनिधी पाठविणे, ही कामे श्रमाच्या मोबदल्यात मिळणारी नव्हेत. ती सर्वांच्या मालकीची आहेत. घर झाडणाऱ्या भावाचे उपकार मानावे. पण म्हणून त्याने एकट्याने घर विकावे असे होत नाही.

मग करावे काय? फार मोठे काही नको. सभासदांची यादी दर वर्षी तपासावी, पत्ते ताजे ठेवावे, आणि नाव घालण्यास कोणाच्या शिफारशीची गरज ठेवू नये. जो ठराव येणार त्याचा पूर्ण मजकूर महिनाभर आधी प्रत्येकास पोचावा. ऐनवेळच्या विषयांत पैशाचा ठराव घेऊ नये. मोठ्या प्रश्नांवर टपालाने किंवा आजच्या काळात संगणकाने मत मागवावे. मोजणीत अल्पसंख्यांना वाटा मिळेल अशी रीत घ्यावी. नियमात बदल झाला तर तो चालू निवडणुकीस लागू नसावा, पुढीलीस असावा. आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिण्यापूर्वी, हजर किती आणि सभासद किती हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावे. या शेवटच्या सूचनेस काही खर्च येत नाही. थोडी लाज मात्र वाटते, आणि ती उपयोगी असते.

त्या शिक्षकांच्या पत्राचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. मी ते पत्र कार्यकारी मंडळापुढे वाचले. थोडी खडाजंगी झाली. परंतु पुढील वर्षी निधीचा प्रश्न सर्व सभासदांकडे मतपत्रिका पाठवून विचारण्याचे ठरले. पुष्कळ पाकिटे ‘पत्ता बदलला’ असा शेरा घेऊन परत आली. आमची यादी किती शिळी होती ते त्या दिवशी कळले. तरीही अकराशेंच्या वर मते आली. निधी पुन्हा वसतिगृहाकडे गेला. खुर्च्यांसाठी आम्ही निराळी वर्गणी काढली, आणि तीत पहिल्या काही नावांत मूळ ठराव मांडणाऱ्या गृहस्थांचे नाव होते.

त्याच मतपत्रिकेवर शिक्षकांनी सुचविलेला आणखी एक ठराव होता: वार्षिक सभा आळीपाळीने जिल्ह्याच्या गावी भरवावी. तो मोठ्या फरकाने पडला. मला वाटले, आता पुन्हा पत्र येणार. आलेही. त्यात एवढेच होते की, “दुसऱ्या ठरावात आम्ही हरलो, त्याबद्दल तक्रार नाही. या वेळी मला विचारले होते.”

पाच मुखांत परमेश्वर असतो यावर माझी श्रद्धा आहे. फक्त ती पाच मुखे एकाच गल्लीतली आहेत की गावाच्या पाची दिशांची, एवढे आधी पाहून घ्यावे.